भरलेलं भांडं

"ये की आता, बाबा! का तुला पायघड्या घालू?"

बारामतीच्या दवाखान्यात, संडासाच्या दाराआडून रामहरी तात्यांची कुरकुर आली. आत नळ सोडलेला होता. पाण्याच्या आवाजानं लघवीला वाट सापडते, असं मोना सिस्टर म्हणाली होती. बाहेर दाराला कान लावून सारजा उभी होती. नवरा कुणाशी बोलतोय हे तिला कळत होतं. सत्तरीतला माणूस स्वतःच्या लघवीची मनधरणी करत होता आणि ती लग्नातल्या रुसलेल्या जावयासारखी हटून बसली होती.

सकाळी लघवीची नळी काढली होती. दुपारपर्यंत आपली आपण झाली, तर नळी आणि थैली इथंच टाकून गावी, अंथुर्ण्याला जायचं. नाही झाली, तर पुन्हा नळी. प्रोस्टेटच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासूनची ही तिसरी परीक्षा. आधीच्या दोन्हींत तात्या नापास.

त्यांना तेवढंच हवं होतं. मांडीला थैली बांधल्यापासून ते पारावर गेले नव्हते. पुतण्याच्या साखरपुड्याला "पोट बिघडलंय" म्हणून खाटेवर पडून राहिले. काहीही विचारलं की एकच उत्तर, "नळी निघू दे, मग बघू."

दुखणं जुनं, पण त्याला आडोसा होता. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, आणि उसात शिरलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, एवढा वेळ का लागला म्हणून. तात्या खुरपं घेऊन जायचे ते सावकाश परतायचे. पोरगा यशराज हसायचा, "तात्या उसाला नुसतं बघून वाढवत्यात." मग उसाला तोड आली, रान उघडं पडलं, आणि एवढ्या मोठ्या शिवारात म्हाताऱ्याला उभं राहायला जागा उरली नाही. तेव्हा तात्यांनी पाणी पिणंच सोडलं. म्हणजे प्रश्नच मिटला! पोट तट्ट फुगलं, तेव्हा कुठं गाडी बारामतीकडं वळली.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी सारजाला आणि यशराजला आत बोलावलं होतं. गाठ काढली, वाट मोकळी झाली. पण इतकी वर्षं मूत्राशय बंद वाटेवर जोर काढत राहिलं. आतल्या दाबानं त्याच्या भिंतीला पुरेसं रक्त पोचेना. उपाशी राहून राहून तिथला स्नायू थकला.

"आता तो आवळतच नाही, मावशी. काही जणांचं सुधारतं. यांचं कठीण दिसतंय. नळी बहुतेक कायमचीच."

लागेल तेव्हा आपल्या हातानं नळी घालायची आणि काढायची, असाही एक मार्ग होता. पण तात्यांच्या हातात चहाची बशी ठरत नव्हती.

"त्यांना सांगू नगंस, आये. खचतील," यशराज गाडीत बसता बसता म्हणाला होता. तेव्हापासून घरात सगळ्यांच्या तोंडी एकच, "पुढच्या महिन्यात निघंल." सून चहा देताना म्हणायची. सारजाही म्हणायची, भिंतीकडं बघून.

दार उघडलं. लघवी मोजायला सिस्टरनं दिलेलं भांडं दोन्ही हातांत धरून तात्या बाहेर आले. अर्ध्याच्या वर भरलेलं.

"घ्या! मोजा म्हणावं सिस्टरला."

"बगा! म्या काय म्हणलं हुतं?" यशराजनं उडीच मारली. "थांबा, घरी फोन लावतो."

"फोन मागनं. आधी चा पाज, लेका. तोंडाला कोरड पडलीया."

सारजानं भांडं हातात घेतलं. गार होतं. नितळ, विहिरीच्या पाण्यासारखं. जिनं पोरं वाढवली तिला हे काय कुणी शिकवावं लागतं? तिनं वर बघितलं. तात्यांच्या कपाळावर घाम होता, आणि सदऱ्याखाली बेंबीच्या खाली टणक फुगवटा. ते तिच्याकडेच बघत होते. सगळ्या संसारात त्यांनी तिच्याकडं असं काही मागितलं नव्हतं.

ती गप्प राहिली असती, तर म्हातारा चहा पिऊन, वाटेतल्या भवानीनगरपर्यंत गप्पा हाणत गेला असता. आणि तुंबलेलं पाणी मूत्रपिंडांवर चढलं असतं. डॉक्टर तेही बोलले होते.

मोना सिस्टर हसत आली. "अरे वा, आजोबा! द्या बरं इकडं."

सारजानं भांडं दिलं नाही. ते बाकड्यावर ठेवलं आणि तात्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं.

"अवो, हे नळाचं हाय."

तात्यांनी मान खाली घातली.

"आये, गप बस!" यशराज म्हणाला.

"किती गप बसू? पोट बघ त्यांचं." ती तात्यांकडं वळली. या वेळी भिंतीकडं बघितलं नाही. "गाठ गेली, पण आत आता जोरच उरला न्हाय. डाक्टरनं आमाला कवाच सांगितलंय. पुढच्या महिन्यात न्हाय, त्याच्या पुढच्याबी न्हाय. नळी आता जल्मभर ऱ्हाणार."