हातावरचं मीठ

इंटरनेटवरची ती मिठाची फिल्म पुष्कळांनी पाहिली. आमच्या सिल्व्हर पार्कमध्ये ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, तेही सायबर कॅफेत जाऊन पाहून आले. फिल्ममध्ये एक म्हातारी बाई डाळ करते, चिमटीनं मीठ घालते आणि शेवटी मुलाच्या तळहातावर मीठ ठेवून त्याच्याशी काहीतरी बोलते. काय बोलते ते ऐकू येत नाही, कारण तिथं बासरी टाकली आहे. लोकांना वाटतं, आशीर्वाद देत असेल. ती बाई माझी सासू, सावित्री. तो मुलगा माझा नवरा, मितेश. मी त्या वेळी कॅमेऱ्यात येणार नाही अशी फ्रिजला टेकून उभी होते, त्यामुळे आई काय म्हणाल्या ते मी ऐकलंय.

मितेश डिजिटल स्ट्रॅटेजिस्ट आहे. दोन हजार आठ साली हे नाव आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीच ऐकलेलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या हंसाताई तर त्याला अजून प्रिंटर बिघडला की बोलावतात. कंपन्यांनी इंटरनेटवर काय बोलावं, कधी बोलावं आणि कधी गप्प बसावं, हे सांगायचं त्याचं काम. दोन फोन, एक लॅपटॉप, आणि जेवताना ताटाशेजारी दोन्ही फोन उताणे. आणि हाच माणूस दर रविवारी ‘सावकाश जगा’ म्हणून ब्लॉग लिहायचा! ब्लॉगचं नाव ‘स्लो सॉल्ट’. राई गावात मितेशच्या घरचं मिठागर होतं, म्हणून सॉल्ट. स्लो कशासाठी, ते माझ्या सासऱ्यांना विचारायला हवं होतं. भर उन्हात मीठ ओढून त्यांच्या पायांना भेगा पडल्या होत्या, आणि पावसाआधी ढीग झाकायची घाई तर विचारू नका. पण सासरे केव्हाच गेले, त्यांच्या आधी मिठागर गेलं.

लोक मात्र ब्लॉग वाचायचे, पार परदेशातून वाचायचे. एका वेळी एकच काम करा, घास चावून खा, खिडकीतून बाहेर बघा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी त्याला म्हणायचे. तो हसायचा.

मग मंदी आली. त्याच्या ऑफिसात एकेक खुर्ची रिकामी व्हायला लागली. काल ज्याच्याबरोबर चहा प्यायला, तो आज खोका घेऊन लिफ्टमध्ये. मितेश घरी यायचा, बूटसुद्धा न काढता सोफ्यावर बसायचा आणि म्हणायचा, ‘‘स्वप्ना, आता माझाच नंबर आहे बघ.’’ आतल्या खोलीत आई तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. त्यांना काय कळतंय त्यातलं, म्हणून आम्ही कधी आवाजही खाली केला नाही.

आई तेव्हा बदलायला लागल्याच होत्या. तांदूळ निवडून झाले की तेच तांदूळ पुन्हा सुपात घ्यायच्या. एका साडीची घडी मोडून पुन्हा घालायच्या, पुन्हा मोडायच्या. खिडकीशी उभ्या राहिल्या की हाक मारेपर्यंत उभ्याच. पूर्वी माझ्या चपातीला ‘‘यो कंच्या गावचा नकाशा?’’ म्हणणारी बाई आता समोर येईल ते मुकाट्यानं खात होती. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला बरंच वाटलं. सासू गप्प झाली तर कुठली सून तक्रार करते?

मितेशला त्यात भलतंच काही दिसलं. आई खिडकीशी उभ्या राहिल्या की तो लांबून त्यांचा फोटो काढायचा. ‘माझी आई एकाच कामात पूर्ण असते,’ असं त्यानं लिहिलं. ‘तिला पुढच्या क्षणाची घाई नसते. मी ऑफिसच्या खर्चानं ध्यानाची शिबिरं केली, आणि गुरू माझ्याच घरात तांदूळ निवडत होता.’ त्या लेखाखाली इतक्या लोकांनी लिहिलं की वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले. तो ढोंग करत नव्हता. ढोंग असतं तर मला सोपं गेलं असतं.

एका रविवारी दुपारी आईंनी डाळ केली आणि डाळ अळणी निघाली. थोडं कमी मीठ नव्हे, मीठच नाही. मी उठून बरणी आणायला निघाले तर मितेश म्हणाला, ‘‘थांब. घालू नकोस.’’ डोळे मिटून त्यानं आणखी एक घास घेतला, आणि जेवण होताच लॅपटॉप उघडला. ‘आज आईनं मीठ काढून घेतलं आणि मला डाळीची चव दाखवली. आपण सगळे प्रत्येक गोष्टीवर काहीतरी शिंपडत बसतो. तिला थांबता येतं.’

‘‘मितेश, त्या विसरल्यात,’’ मी म्हणाले.

‘‘आय आणि मीठ विसरेल? काय बोलतेस!’’

‘‘तेच म्हणतेय मी. आई मीठ विसरल्या.’’

या घरात मीठ ही साधी गोष्ट नव्हती. आम्ही या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा दूध उतू घालायच्या आधी आईंनी मिठाची बरणी आत नेऊन ठेवली होती. घरच्या माणसाच्या हातावर तर त्या कधीच मीठ द्यायच्या नाहीत. वाटी खाली ठेवायच्या, मग आपण उचलायची. हातावर दिलं की भांडण होतं, नातं तुटतं. नवीन लग्न झालेलं असताना मी मिठासाठी हात पुढे केला होता, तर मनगटावर चापट बसली. ‘‘परक्याला द्याचा हातावर. घरच्याला न्हाय.’’ मितेशनं लहानपणी अशा किती चापट्या खाल्ल्या असतील, देव जाणे.

त्याच सुमाराला त्याच्या ऑफिसात मिठाची एक कंपनी जाहिरातीची फिल्म करून घ्यायला आली. उन्हात सावकाश वाळवलेलं, कागदी पिशवीतलं महागडं मीठ. त्या कंपनीच्या मॅडमनी ब्लॉग वाचला होता. त्यांना मॉडेल नको होती, ब्लॉगमधली आईच हवी होती. हे काम झालं तर मितेशची खुर्ची राहणार होती. त्यानं मला तसं सांगितलंसुद्धा.

मी म्हटलं, ‘‘आधी डॉक्टर. भाईंदरला मेंदूचे एक चांगले डॉक्टर बसतात, हंसाताईंच्या दिरांना त्यांनीच तपासलं होतं. मी नंबर लावते.’’

‘‘शूटिंग होऊ दे. मग जाऊ.’’

‘‘अरे, परवा त्या गॅस चालू ठेवून देवळात निघाल्या होत्या. कशाची वाट बघतोयस तू?’’

त्यानं दोन्ही फोन पालथे ठेवले. मग म्हणाला, ‘‘डॉक्टरनं एकदा नाव दिलं ना स्वप्ना, की ती पेशंट होणार. आत्ता निदान ती आय तरी आहे. आणि मी काय लिहिणार मग? काय दाखवणार त्या लोकांना?’’

म्हणजे त्यालाही कळत होतं. मला त्याचा इतका राग आला की मी आत जाऊन रडले. आणि नोकरी टिकेल म्हणून बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे, आणि दुसरं जास्त बोचतं. डॉक्टरांकडे मी नंबर लावला नाही.

शूटिंगवाले सकाळीच आले. आमचा कुकर कपाटात गेला, कुठूनतरी मातीची मडकी आली, भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर उतरलं. आईंना लुगडं नेसवलं. त्या कधीपासून पाचवारीच नेसत होत्या, पण मॅडमना लुगडंच हवं होतं. ‘‘माँजी, बस जैसे रोज करते हो, वैसे ही,’’ मॅडम म्हणाल्या. आई मान हलवत होत्या. सांगतील तिथं उभ्या राहत होत्या, सांगतील तेव्हा पळी फिरवत होत्या. प्रत्येक वेळी नव्यानं मीठ घालत होत्या, अगदी मन लावून, पहिल्यांदाच घालत असल्यासारखं.

‘‘क्या ठहराव है!’’ मॅडम हळूच म्हणाल्या. डाळ एव्हाना कुत्र्यानंही खाल्ली नसती.

शेवटचा शॉट मुलाचा होता. मॅडमची कल्पना अशी, की आई मूठभर मीठ घेऊन मुलाच्या तळहातावर देते. ते ऐकल्यावर मितेश चपापला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि किंचित हसला. आय काही हे करायची नाही, असं ते हसू होतं. त्या आता फटकारणार, मॅडमना दोन शब्द ऐकवणार, आणि मग स्वप्ना उगाच घाबरली होती हे सिद्ध होणार. त्या क्षणी मीही देवाला तेच मागत होते. मारा हो त्याला एक चापट. मलाही मारा.

मितेशनं हात पुढे केला.

आईंनी बरणीत हात घातला, मूठ भरली आणि सगळं मीठ त्याच्या तळहातावर ओतलं. मग दुसऱ्या हातानं त्याची बोटं मिटवली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरून गेल्यासारखं.

‘‘सायेब,’’ आई त्याला म्हणाल्या, ‘‘मी केला ना बराबर? माजा पोर तुमच्याकडं कामाला हाय. मितेश नाव हाय त्याचा. त्याला काढू नका. घरा येऊन जेवत न्हाय धड. तुमी सांगाल ते मी करीन, पन त्याला काढू नका.’’

कॅमेरा चालूच होता.

‘‘न्हाय काढणार, मावशी,’’ मितेश म्हणाला.

आईंचा चेहरा उजळला. इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. फिल्ममध्ये लोकांना आवडतो तो हाच चेहरा. त्यांनी मितेशच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘‘तुमची आय हाय ना घरा?’’

‘‘हाय,’’ मितेश म्हणाला.

मूठ त्यानं इतकी आवळली होती की मीठ बोटांच्या फटींतून ओट्यावर सांडत होतं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्यांना आमची भाषा कळली नव्हती. डोळे पुसत त्या माझ्याजवळ आल्या.

‘‘क्या कहा माँजी ने?’’

मितेश माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

‘‘आशीर्वाद दिया,’’ मी म्हणाले.