फ्यूजच्या पलीकडची तार

ऑफिसात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. सर्किट बोर्डवर कुठली तार कुठून न्यायची हे ती कॉम्प्युटरवर आखायची, आणि दोन तारांमधल्या अंतराचा विषय निघाला की बाई कुणाच्या बापाचं ऐकत नसे. आधी तारांचे वर्ग पाडायचे, मग वर्गाला नियम लावायचा, ही तिची पद्धत. भिंतीतून येणाऱ्या विजेच्या तारा एका वर्गात, इतरांपासून आठ मिलिमीटर लांब. दिव्याबटणांच्या कमी दाबाच्या गरीब तारा दुसऱ्या वर्गात, त्यांना केसभर अंतर पुरे. कुणी नियम मोडला की सॉफ्टवेअर लाल खुणा करून बोंब मारतं.

त्या सकाळी तिने ऑक्सिजन यंत्राचा बोर्ड पुढच्या सुधारणेसाठी उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मागे, बोर्ड बनायला जाण्याच्या अगदी शेवटच्या आठवड्यात साहेबांनी सुरक्षेसाठी एक फ्यूज वाढवायला सांगितला होता. तिने तो विजेच्या तारेत मधोमध बसवला आणि एका तारेच्या दोन झाल्या. अलीकडची आपल्या वर्गात राहिली. पलीकडची सॉफ्टवेअरच्या लेखी नवीन, तिला वर्गच नव्हता, आणि बिनवर्गाच्या तारेला गरिबांचाच नियम लागतो. म्हणून ती विजेने भरलेली तार दिव्याच्या तारेला जवळजवळ खेटून गेली होती, आणि तपासणीचं उत्तर आलं होतं, शून्य चुका. त्यावर तिने सही केली होती.

आत ओलावा साचला की त्या फटीत ठिणगी पडणार, तीही ऑक्सिजनने भरलेल्या यंत्रात. बेचाळीस यंत्रं घरोघरी गेली होती. त्यातलं एक तिच्या आईच्या उशाशी होतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ते स्क्रीनकडे बघत खाली बसले आणि म्हणाले, "परत मागवू. पण नवे बोर्ड यायला सहा आठवडे. तोवर ती माणसं श्वास कशाने घेतील?"

इकडे आड, तिकडे विहीर. चार ठिकाणी फोन करून नऊ घरांपुरते सिलिंडर मिळाले. साहेबांनी यादी तिच्यापुढे सरकवली. तिने एकटं राहणाऱ्यांवर खुणा केल्या. चूक आपली आणि सिलिंडर आपल्याच घरी, हे तिच्या हाताला जमेना. उरलेल्यांना तिने स्वतः फोन लावले. काय झालंय ते सांगितलं, जळका वास आला तर यंत्र लगेच बंद करा म्हणून सांगितलं. एक म्हातारे शांतपणे म्हणाले, "बरं. आणि बंद केल्यावर काय करू?" तिने यादीतला पुढचा नंबर लावला.

दुपारी ती घरी आली तेव्हा आई नाकात नळी घालून झोपली होती. यंत्र गुरगुरत होतं. तिने वाकून वास घेतला. काही नव्हतं, पण उद्या असेल की नाही कोण सांगणार? तिला ते सहन होईना. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

मिनिटभर काही झालं नाही. मग आईची छाती वरखाली होऊ लागली, ओठ काळपटले, हात चादरीवर काहीतरी शोधू लागला. तिने पुढचे काही श्वास मोजले आणि बटण पुन्हा चालू केलं.

"लाइट गेली होती का गं?" आईने डोळे न उघडता विचारलं.

"हो," ती म्हणाली.