पांढरी मादी

बर्फ पडायच्या आत डोंगरावरच्या तळ्यांतले ‘कोई’ जातीचे रंगीत मासे घराशेजारच्या हौदात आणावे लागतात. सेत्सुए आणि तिचा दीर तोकुजी यांनी त्या सकाळी तळ्याचं पाणी सोडलं. गुडघाभर चिखलात उतरून जाळं ओढलं आणि एकेक मासा टबात घेतला. सेत्सुएच्या नवऱ्यानं मरण्याआधी जिवापाड जपलेली, पाठीवर लालभडक पट्टा असलेली मादी मात्र त्यांत नव्हती. तिच्याऐवजी तेवढीच मोठी, कोरी पांढरी मादी आली.

"ही कुठून आली?" सेत्सुए म्हणाली.

"कुठून म्हणजे? मोरिओनं बदलली!" तोकुजीनं शेजाऱ्याच्या खालच्या तळ्याकडे बोट केलं. "आपली बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटत होतं, वहिनी."

सेत्सुएला ते पटेना, पण दुसरं काही सुचेना. ती दिरामागून खाली गेली. मोरिओ बांधावर डबा उघडून भात खात होता. तोकुजीचं ऐकून त्याचा घास हातातच राहिला.

"मी चोर? तुझ्या भावाबरोबर मी ही तळी खणलीत रे!"

तो उठला आणि कुणी अडवायच्या आत त्यानं आपल्या तळ्याची मोरी उघडली. त्याचे मासे अजून आठवडाभर तिथंच राहायचे होते. पाणी उतरलं. काळे, पिवळे, ठिपक्यांचे मासे चिखलात तडफडू लागले, तशी तिघांनीही धावाधाव करून ते टबात भरले. लाल पट्ट्याची एकही मादी निघाली नाही. तोकुजी मान खाली घालून बूट धूत राहिला.

"यंदा ऊन फार होतं," मोरिओ धापा टाकत म्हणाला. "रंग उडतो कधी कधी. नीट बघितलंत का, वहिनी?"

नीट म्हणजे काय बघायचं? इतकी वर्षं तिनं त्या मादीचा लाल पट्टाच तेवढा पाहिला होता. घरी येऊन तिनं पांढरीला हौदात सोडलं आणि तिच्या जबड्याखाली हात धरला. तोंडाशी लोंबणारी उजवी मिशी अर्धी तुटलेली होती. लाल पट्ट्याच्या मादीची वसंतात जाळ्यात अडकून तुटली होती, तशीच.

"म्हणजे तीच की!" तोकुजी म्हणाला.

"तीच असेल."

"असेल काय? आहे!"

"मिशी तिची आहे, भावजी. पण बाकी कुणाची आहे, तेच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी ती मोरिओकडे भाताचे लाडू घेऊन गेली आणि तोकुजीलाही माफी मागायला लावली. मोरिओनं लाडू घेतले, पण घरात या म्हणाला नाही.

परत आल्यावर तिनं मूठभर खाणं पाण्यात धरलं. पांढरी मादी सरळ तिच्या हाताशी आली, बोटं चोखू लागली. सेत्सुएचा जीव सुपाएवढा झाला. मग बाकीचे मासेही आले आणि तशीच बोटं चोखू लागले.