तळ्याच्या बाजूचं चाक

एस्पेहो तळ्यापाशी नोल्बेर्तोचा पिकअप थांबला, तसं बर्फात गाड्यांच्या चाकांना साखळ्या बांधणाऱ्या एलादिओनं दार उघडून त्याला कॉलर धरून खाली ओढलं आणि हातातली तसलीच एक साखळी सरळ त्याच्या तोंडावर हाणली.

"माझ्या बहिणीला मारतोस? ये, आता मला मार!"

नोल्बेर्तो चिखलात कोसळला. एलादिओनं बरगड्यांत लाथा घातल्या. परवा मिरेया त्याच्या दारात आली, तेव्हा तिचा एक डोळा उघडत नव्हता. नवऱ्यानं मारलं, एवढंच बोलली. तेव्हापासून एलादिओचे हात शिवशिवत होते. मागं स्कीला निघालेल्या गाड्यांची ही रांग लागली. तळ्याचे आणि डोंगराचे फोटो काढणारे पाहुणे आता या दोघांचेच काढू लागले, मेले!

नाक्यावरच्या पोलिसानं एलादिओला मागून कव घातली. "पुरे रे बाबा, मरेल तो! वर हॉटेलात याच्या गाडीतले पाव जायचेत. साखळ्या बांध आणि सोड त्याला."

"मारू द्या," नोल्बेर्तो रक्त थुंकत म्हणाला. "मार दादा. त्याच लायकीचा आहे मी."

हे ऐकून एलादिओ आणखीच पेटला. बायकोला बडवायचं आणि वर हा साळसूदपणा! खाली बसून त्यानं मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या. तळ्याच्या बाजूच्या चाकावरच्या साखळीचा आकडा मात्र त्यानं अडकवला नाही, नुसता टेकवून ठेवला. वर तोरो तळ्याच्या वळणाला कठडा नाही आणि खाली पाणी किती खोल, ते कुणालाच ठाऊक नाही. जा म्हणावं, मर.

पंधरा मिनिटांनी फोन वाजला. वरच्या टप्प्यावर साखळ्या बांधणारा सेगुंदो होता.

"काय रे, मिटलं वाटतं भांडण! मिरेया पहाटेच दुधाच्या गाडीनं वर आली, माझ्या शेकोटीपाशी नवऱ्याची वाट बघत बसली होती. आत्ता बसली त्याच्या गाडीत."

"मिरेया? ती तर माझ्या घरी झोपलीय."

"कसली झोपलीय! आणि हो, तळ्याच्या बाजूचा आकडा सुटलाय तुझा."

"लावलास ना?"

"मी कसा लावीन? तुझी साखळी."

त्या वाटेवरचा कायदाच तो. एकानं बांधलेल्या साखळीला दुसऱ्यानं बोट लावायचं नाही. उद्या काही झालं तर निस्तरणार कोण? एलादिओनंच गेल्या वर्षी यावरून एकाचा हात मोडला होता.

"थांबव त्यांना, सेगुंदो! आडवा पड गाडीला!"

"अरे, गेले की ते."

एलादिओनं आपली जुनी गाडी बिनसाखळीचीच वर घातली. दोनदा गाडी कड्यावर आदळली, काच फुटून त्याच्या कपाळात घुसली, डोळ्यांत रक्त उतरलं. अगं बाई, उतर गं त्या गाडीतून, एवढंच तो ओरडत होता.

तोरोच्या वळणावर काठाची झुडपं उपटली होती. खाली पाण्यावर पाव तरंगत होते. पिकअप दिसतच नव्हता. पाण्याच्या काठावर भिजून चिंब झालेला नोल्बेर्तो मिरेयाची छाती दाबत होता, तिच्या तोंडात फुंकर घालत होता, गालावर चापट्या मारत होता. एलादिओनं खाली उतरून त्याला ढकलून दिलं आणि स्वतः दाबू लागला. बराच वेळ दाबत राहिला. तिच्या नाकातून नुसतं पाणी आलं.

"साखळी सुटली, दादा," नोल्बेर्तो हुंदके देत म्हणाला. "तुझ्या हातची साखळी आजवर कुणाची सुटली नाही. मीच वळण जोरात घेतलं असणार. ती म्हणत होती, हळू चालव. मला इथंच मारून टाक. कुणी तुला बोल लावणार नाही."

खरंच कुणी लावला नसता. मागोमाग येऊन वर रस्त्यावर उभ्या राहिलेल्या पोलिसानंसुद्धा मान फिरवली होती.

एलादिओनं बहिणीच्या तोंडावरचे ओले केस बाजूला केले.

"आकडा मी लावलाच नव्हता," तो म्हणाला.

नोल्बेर्तो त्याच्याकडे बघत राहिला. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.