तिसावी फेरी

पंचबाईंनी शिट्टी तोंडात धरली आणि आजोबा असे पुढे झुकले, की उडी जणू त्यांनाच मारायची होती. उडी मारायची होती त्यांच्या नातीला. चार वर्षांची असल्यापासून सगळे तिला बेडकी म्हणत. आता सोळाची झाली, उंचीत आजोबांना मागे टाकलं, तरी नाव काही सुटलं नाही. आजोबांचं काम एवढंच, की तलावाच्या पलीकडच्या टोकाला गुडघ्यांवर बसायचं आणि पाट्या दाखवायच्या. एक ते तीस आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या. बेडकी जवळ आली की चालू फेरीची पाटी पाण्यात बुडवून धरायची, तिने ती बघायची आणि भिंतीशी कोलांटी घेऊन परत फिरायचं. जाऊन-येऊन पन्नास मीटरची एक फेरी, अशा तीस. तिसावी पाटी लाल. लाल दिसली की समजायचं, ही शेवटची, आता जीव खाऊन पोहा.

क्लबचा जुना रिवाज होता: ज्याचा विक्रम मोडायला कुणी उतरेल, त्यानेच पाट्या धरायच्या. आपला विक्रम हातचा जात असताना त्याच्याइतकं डोळ्यांत तेल घालून दुसरं कोण मोजणार? आणि तलावावरचा तो एकुलता एक न मोडलेला विक्रम आजोबांचा होता. कपडे बदलायच्या खोलीबाहेर भिंतीवर पितळी पट्टी होती, तिच्यावर त्यांचं नाव आणि खाली सतरा मिनिटं चाळीस सेकंद. एक्केचाळीस वर्षं तिला कुणी हात लावू शकलं नव्हतं.

आता खरं काय ते सांगून टाकतो, कारण आजोबांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तो विक्रम खोटा होता. त्या दिवशी आधीचा विक्रमवाला तापाने झोपला होता, म्हणून पाट्या धरायला आजोबांचा जिवलग मित्र बसला. मित्राचं अर्धं लक्ष प्रेक्षकांतल्या एका मुलीकडे. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं, त्यामुळे त्याला तरी किती बोल लावायचा. बाराच्या मागून त्याने चौदा दाखवली. आजोबांना तिथेच, पाण्यातच कळलं. बाहेर पडल्यावर सांगू म्हणून ते पोहत राहिले. बाहेर पडतात तो लोकांनी खांद्यावर घेतलं. आता खांद्यावर बसून असलं काही सांगतात होय? खाली उतरल्यावर सांगू म्हटलं, उतरेपर्यंत पट्टी कोरायला गेली. उद्या सांगू, परवा सांगू करत मित्र देवाघरी गेला, आजोबांचं डोकं पांढरं झालं, आणि तलावाला द्यायचे पन्नास मीटर राहिले ते राहिलेच.

त्या एका फेरीने या माणसाला जन्मभर पळवलं. चर्चच्या मंडळीत सगळ्यात आधी येणार ते, प्रार्थना संपल्यावर खुर्च्या लावणार ते, आजाऱ्याच्या उशाशी बसणार ते. मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, म्हणून निवड झाली तेव्हा लोक म्हणाले, नीतिमान माणूस म्हणतात तो हा. आजोबांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

रविवारच्या शाळेत शिकवायचे मात्र झकास. मागच्याच रविवारी एका चिमुरडीने विचारलं, चूक आणि पाप यांत फरक काय? आजोबा म्हणाले, "हात घसरला तर चूक. आपण मुद्दाम घसरवला आणि वर घसरला म्हणून सांगितलं, तर पाप."

मागच्या बाकावरून बेडकी म्हणाली, "मग ज्याचा हात कधीच घसरला नाही, तो नीतिमान?"

"असा एकच होऊन गेला," आजोबा म्हणाले. "बाकी आपण सगळे कुठे ना कुठे कमी पडलेले. ते कमी पडलेलं त्याने भरून काढलं, म्हणून देव आपल्याला नीतिमान ठरवतो. आपल्या कमाईने नाही. आपण फक्त विश्वासाने ते घ्यायचं, आणि खरं बोलायचं."

इतकं सुंदर शिकवलं, आणि स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. इतरांचं ठीक आहे, माझं मलाच भरलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. भरत तर काहीच नव्हतं.

आणि इकडे बेडकी तीन वर्षं त्या पितळी पट्टीमागे लागलेली. रोज पहाटे तलाव, शाळेनंतर तलाव. तिची सगळ्यात चांगली वेळ अठरा मिनिटं चौदा सेकंद. चौतीस सेकंद कुठून आणायचे, या विचाराने पोरगी सुकत चालली होती. आदल्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "उद्या नाही जमलं, तर सोमवारपासून पोहणं बंद. माझ्यात ते नाहीच, आजोबा." आजोबांनी ताट बाजूला सारलं. तिच्यात ते होतं. त्यांच्यात नव्हतं.

शिट्टी वाजली. बेडकी पाण्यात शिरली ती सुरीसारखी.

काय पोहली हो ती त्या दिवशी. दहाव्या फेरीपर्यंत प्रेक्षक बसून होते, पंधराव्याला अर्धे उभे राहिले. मंडळीतली दोन बाकं भरून माणसं आली होती. पाळकांनी तर कोट काढून खांद्यावर टाकला आणि ते पायऱ्यांवरून खाली आले. आजोबा पाटी बुडवत होते, काढत होते, आणि एक डोळा भिंतीवरच्या मोठ्या घड्याळावर. त्यांना लगेच दिसलं. ही अठरा-बाराला संपवणार. त्यांनी स्वतः खऱ्या तीस फेऱ्या पूर्ण केल्या असत्या, तर अठरा-सोळा लागले असते. म्हणजे पोरगी त्यांना सरळ सरळ हरवत होती, आणि तरीही हरणार होती. हरून घरी जाणार होती, आणि पोहण्याचा पोशाख कपाटाच्या तळाशी ठेवून देणार होती.

एकोणिसावी पाटी त्यांनी वर काढली. आता विसावी. बेडकी पलीकडून वळून येत होती. आजोबांनी पाट्यांच्या गठ्ठ्यात हात घातला. एकच पाटी. मित्राने नकळत दिली ती मला, मी हिला जाणूनबुजून देईन. फिटंफाट. कुणाचं नुकसान नाही, विक्रम घरातल्या घरात राहील, आणि ती पट्टी एकदाची उतरेल.

त्यांनी पाण्यात एकविसावी बुडवली.

बेडकी वळली आणि गेली. पंचबाई समोरच्या टोकाला होत्या, त्यांनी फक्त हात वर करून दाखवला, छान चाललंय. पुढच्या आठ फेऱ्या कशा गेल्या ते आजोबांना आठवत नाही. लाल पाटी पाण्यात गेली तेव्हा अख्खा तलाव दणाणून गेला. बेडकीने समोरच्या भिंतीला हात लावला, पंचबाईंनी गळ्यातल्या दोन घड्याळांपैकी एक दाबलं. सतरा छत्तीस. लोक नाचायला लागले. पाळकांनी खांद्यावरचा कोट हवेत उडवला, तो पाण्यात पडला.

आणि बेडकी थांबलीच नाही.

भिंतीला हात लावला, कोलांटी घेतली आणि परत निघाली. "अगं, झालं," पंचबाई ओरडल्या. लोक हसू लागले, आनंदाने वेडी झाली म्हणाले. ती कोटाला वळसा घालून सरळ आजोबांकडे येत होती, तशीच जोरात, हातपाय न गाळता. टोकाशी येऊन तिने क्षणभर चेहरा वर केला. चष्म्याच्या काचांतून पाटी शोधली.

आजोबांनी लाल तीस पुन्हा पाण्यात धरली. तिला ती दिसली, ती वळली.

ती समोर पोहोचली तेव्हा हसणारे गप्प झाले होते. पंचबाईंनी दुसरं घड्याळ दाबलं. ते चालू ठेवायची त्यांना सवयच होती. अठरा बारा. आजोबा तलावाला वळसा घालून तिथवर आले.

"हे काय नवीन?" पंचबाई वही उघडत म्हणाल्या.

"आधी एकोणतीसच झाल्या होत्या," बेडकी काठाला धरून धापा टाकत म्हणाली. "एक पाटी चुकली."

"पोहताना असं होतं बाळ. मोजणाऱ्याची मोजणी शेवटची, नियमच आहे." त्यांनी पेन आजोबांपुढे धरलं. "सतरा छत्तीस. तुमचाच विक्रम मोडला, पण तुम्हाला आनंदच असणार. करा सही."

"आजोबांकडून चूक झाली असेल," बेडकी म्हणाली. अठरा बाराचा अर्थ तिला कळत होता, तरी ती मागे हटत नव्हती.

बघा, काय वेळ आली. सही केली तर नातीचा विक्रम आणि आपलं नाव, दोन्ही शाबूत. चूक झाली म्हटलं तर आपलं नाव शाबूत, पोरीचं पोहणं संपलं. सगळे थांबले होते. आजोबांनी पेन घेतलं नाही.

"चूक नाही," ते म्हणाले. "पाप. मी विसावी पाटी मुद्दाम गाळली. आणि हे पहिलं नाही. ती भिंतीवरची वेळ एकोणतीस फेऱ्यांची आहे. तेरावी मी पोहलोच नाही, आणि ते मला त्याच दिवशी माहीत होतं. इथे कुणी तीस फेऱ्या खऱ्या पोहलं असेल तर ही पोरगी. लिहा अठरा बारा."

पाण्यातून पाळकांचा कोट काढणारा माणूस कोट तसाच धरून उभा राहिला. पंचबाईंनी वहीत काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. "स्क्रूड्रायव्हर आणा कुणीतरी," त्या म्हणाल्या. "ती पट्टी आत्ताच्या आत्ता उतरवायची. आणि तुम्ही परत पाट्यांना हात लावायचा नाही."

"नाही लावणार," आजोबा म्हणाले. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना इतकं हलकं वाटत होतं, आणि लाजही इतकी वाटत होती की कुठे बघावं कळेना. पाळक जवळ आले आणि त्यांनी हात खांद्यावर ठेवला. मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी, आणि बेडकीच्या नावाचा असा गलका झाला की पंचबाईंना शिट्टी वाजवावी लागली.

आजोबा काठाशी खाली बसले. "बेडके, लाल पाटी दिसली होती ना तुला? लोकांचा आरडाओरडा, सगळं झालं होतं. कशावरून वाटलं की एक राहिली?"

"मी पाट्यांवर मोजतच नाही," ती म्हणाली. "आकडे विसरते मी. दर फेरीला एकाचं नाव घेऊन प्रार्थना करते. पहिली आईची, दुसरी बाबांची, मग वर्गातली सगळी पोरं. सगळे झाले, लोक ओरडायला लागले, आणि तुम्ही राहिला होता. तिसावं नाव तुमचं असतं."

जी फेरी ते जन्मभर भरून काढत होते, ती त्यांच्यासाठी दुसरंच कुणी पोहून आलं होतं, त्यांनी न मागता, त्यांनी फसवल्यावरसुद्धा. वर्गात दर रविवारी हेच तर सांगत होते ते. ते तिथेच, सगळ्यांदेखत, लहान मुलासारखे रडले.

"रडताय काय," बेडकी म्हणाली. "थंडी वाजतेय मला. टॉवेल द्या."