पाळण्याखालचं झुरळ

पाळण्याखाली झाडू घातला तर एक मेलेलं झुरळ बाहेर आलं. दुसऱ्या कुणी ते सरळ केरात लोटलं असतं. ती मात्र खाली बसली आणि निरखून पाहू लागली. झुरळाच्या पायांच्या सांध्यांतून पांढरी लव फुटली होती.

ही लव तिच्या रोजच्या ओळखीची. ती कामाला जायची तिथे पिकांवरची कीड मारणारी बुरशी तयार व्हायची. अर्धवट शिजवलेल्या तांदळावर ती वाढवायची, तांदूळ हिरवागार झाला की चाळायचा, खाली पडलेली पूड फवारणीसाठी भरायची. पूड किडीच्या अंगावर रुजते, कातडीतून आत शिरते, आणि कीड मेली की पुन्हा बाहेर डोकावते.

पाळण्यात तिची आठ महिन्यांची ठमी खोकली. कोरडा खोकला, आज सहावा दिवस.

तिनं झुरळ ओल्या कापसावर ठेवून डबा बंद केला. कामावर मेलेली अळी अशीच ठेवून बघत. लव हिरवी झाली तर बुरशी आपली.

"माझा घट्ट झाकणाचा एकुलता एक डबा," सासूबाई म्हणाल्या. "काय दडवलंयस त्यात?"

"उघडू नका तेवढा, आई."

"नाही बाई. तुझं तोंड बघूनच नको वाटतंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी लव हिरवी झाली होती. तोच हिरवा.

ती डबा घेऊन तडक कामावरच्या मॅडमकडे गेली. मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"आपलीच आहे. घाबरू नकोस, माणसाच्या अंगाच्या उबेत ही वाढत नाही. पण पूड रोज नाकातोंडात गेली तर खोकला धरू शकतो. बाळाला आजच डॉक्टरांना दाखव. घरी गेली कशी पण? तू तर इथेच अंघोळ करून निघतेस."

"अंघोळ?" चाळणीवर बसणारे काका म्हणाले. "हिच्यामुळे आम्हाला साबणाचं दर्शन होत नाही."

एरवी ती हसली असती. कोट इथेच राहतो, टोपी, चपला, सगळं इथेच. वाटभर ती एकेक वस्तू मनात उलटीपालटी करत होती.

घरी आली तर ठमी झोपली होती. मुठीत स्कार्फ, त्याचं टोक तोंडात.

मास्कची दोरी कानाला काचते म्हणून ती कामावर टोपीच्या आतून हा स्कार्फ बांधायची. ती कामावर जाऊ लागली तेव्हा ठमी दिवसभर रडायची. मग सासूबाईंनीच सुचवलं, तुझ्या अंगावरचं काहीतरी ठेव तिच्याजवळ, न धुतलेलं, वास राहील तुझा. एक स्कार्फ ठमीकडे, एक स्वतःच्या डोक्याला, दर आठवड्याला अदलाबदल. आईचा वास म्हणून ती काय देत होती!

तिनं स्कार्फ हळूच सोडवला आणि पिशवीत घालून गाठ मारली. ठमी जागी झाली, हातांनी चाचपू लागली, रडता रडता खोकू लागली.

"अगं, दे ना तिला ते," सासूबाई आतून आल्या.

"आई, त्याच्यातूनच आलंय."

तिनं सगळं सांगितलं. सासूबाई पिशवीच्या गाठीकडे बघत राहिल्या.

"सुचवलं तर मीच होतं," त्या एवढंच म्हणाल्या, आणि चपला घालायला वळल्या.

दवाखान्यात त्यांच्या आधी चौघेजण होते. ठमी तिच्या खांद्यावर पडून होती. एक खोकला झाला की दुसरा येईपर्यंत ती स्वतःचाच श्वास धरून बसायची. अंगाच्या उबेत वाढत नाही, मॅडम म्हणाल्या होत्या. ठमीचं कपाळ उबदार होतं, पोट उबदार होतं.

हाताची बोटं मात्र गार होती. तिनं ती दोन्ही तळव्यांत घेतली आणि चोळत राहिली, आत बोलावलं तरी सोडली नाहीत.