जावयाच्या खोलीतला डबा

छबूबाईंनी कांद्याची खोली रिकामी करायला घेतली, तेव्हा उत्तमराव ओट्यावर बसून नुसते बघत होते. उन्हाळी कांदा नुकताच भरून झाला होता, आणि बाई तो पुन्हा पाट्या भरभरून गोठ्याशेजारच्या छपरात नेत होत्या.

"जावई येतोय का कलेक्टर?" उत्तमरावांनी विचारलं.

"कलेक्टर आला असता तर सतरंजीवर बसवला असता. उठा, पाटी उचला."

नव्व्याण्णव सालचा अधिक महिना होता आणि धोंड्याच्या जेवणाला जावई पुणतांब्याला यायचा होता. भारतीच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. त्यातलं वर्षभर पंकज बोटीवरच होता. केडगावच्या घरी सासू एकटी, म्हणून भारती माहेरी यायची ती सकाळच्या गाडीनं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. आता पंकज रजेवर होता आणि सासूच्या सोबतीला नणंद आली होती. जावई राहिला तर लेकही राहणार होती. म्हणून छबूबाईंना जावई चार दिवस मुक्कामाला हवा होता.

बोटीवर पंकज काय करतो, ते भारतीनं संक्रांतीला सांगितलं होतं. बड्या लोकांच्या खोल्या असतात, त्यांना सूट म्हणतात. प्रत्येक सूटमध्ये एक छोटी पँट्री. लहानसा फ्रीज, पाण्याच्या बाटल्या, फळांची टोपली, बिस्किटं, चॉकलेटं, कॉफीचं सामान.

"आन हे समदं भरतं कोन?"

"हेच भरतात, आई. पाहुणा जेवायला गेला की गुपचूप जायचं, संपलेलं भरून ठेवायचं आणि निघताना टॉवेलाचं बदक नाहीतर ससा करून पलंगावर मांडायचा. पाहुण्याला आपण दिसायचं नाही."

छबूबाईंना ते काम मनापासून पटलं होतं. आता त्यांनी कांद्याच्या खोलीतलं भिंतीतलं फडताळ धुऊन पुसून घेतलं आणि त्यात आपली पँट्री मांडली. रव्याच्या लाडवांचा डबा, चिवड्याचा डबा, गूळ-शेंगदाण्याची चिक्की. खाली पाटीत ओली वाळू, तिच्यात मानेपर्यंत रोवलेल्या पन्ह्याच्या बाटल्या. पलीकडे टोपलीत पाडाचे आंबे आणि कागदातून न सोडलेला वासाचा साबण.

"हा फ्रीज व्हय?" वाळूत बोट खुपसून उत्तमराव म्हणाले. "लाईट गेली तरी चालतोय. बोटवाल्यांना कळवा."

जावई आला. पुरणाचे धोंडे झाले, वाण म्हणून दिवा लावून अनारसे दिले, टॉवेल-टोपी झाली. पंकज सगळ्याला "छान आहे, मामी" म्हणाला, पण पानात दुसऱ्यांदा वाढू देईना. छबूबाईंनी भारतीला स्वयंपाकघरात गाठलं.

"र्‍हानार ना गं?"

"उद्या दुपारच्या गाडीनं जायचं ठरलंय. ह्यांना करमलं तर राहू. मी नाही बाई आग्रह करायची, दमून आलेत ते."

चहा झाल्यावर उत्तमराव दोघांना गोदावरीकाठी फिरवायला घेऊन गेले. छबूबाई लगेच खोलीत शिरल्या. संपलेलं भरायचं म्हणून ओच्यात लाडूही घेतले होते. त्यांनी डबा उघडला. डबा गच्च भरलेला होता. चिवडा काठोकाठ. बाटल्या भरलेल्या, आंब्यांची रास जशीच्या तशी. जावयानं कशालाही हात लावला नव्हता.

संध्याकाळी पाहिलं, तेच. सकाळी जावई अंघोळीला गेला तेव्हा पाहिलं, तेच. लाडवाचा बेदाणासुद्धा हलला नव्हता. बाईंचा जीव थोडा थोडा झाला. चॉकलेटं खाणाऱ्याला रव्याचा लाडू काय गोड लागणार, असं त्यांच्या मनात आलं.

त्यात स्वयंपाकघरातल्या फळीवरचा लाडवांचा मोठा डबा खाली काढला तर तो निम्म्यावर आलेला. आता मात्र त्यांच्या दुःखाला तोंड फुटलं.

"अवो, डाक्टरनं गोड बंद केलंय ना तुमचं? मग हे लाडू कुटं गेले?"

"मी हात लावला न्हाई!"

"मग काय मांजरानं झाकण उघडलं?"

"अगं, देवाची शपथ."

"देवाला मधी आनू नका. मिशीला रवा लागलाय तुमच्या."

उत्तमरावांनी खरोखरच मिशीवरून हात फिरवला आणि तिथेच खटला हरले. रवा नव्हताच. ते तणतणत भारतीला घेऊन मळ्यात आंबे उतरवायला गेले. जावई खोलीत पुस्तक वाचत पडला होता. छबूबाई गव्हाची पाटी डोक्यावर घेऊन गिरणीवर गेल्या. दुपारच्या गाडीच्या आधी पोळ्या व्हायला हव्या होत्या. गिरणीत बायांनी "जावई हाय ना चार दिस?" असं विचारलं. बाई गव्हातले खडे निवडू लागल्या. तेवढ्यात वीज गेली आणि त्या पाटी तिथेच ठेवून घरी परतल्या.

स्वयंपाकघराच्या दारातच त्यांचे पाय थबकले. जावई टाचा उंचावून फळीवरचा मोठा डबा उतरवत होता. ओट्यावर खोलीतला लाडवांचा डबा उघडा पडला होता आणि त्याच्या तळाशी नुसता चुरा होता. शेजारी पन्ह्याच्या दोन रिकाम्या बाटल्या.

"जावईबापू?"

पंकज दचकला. मोठा डबा छातीशी तसाच राहिला. "मामी! तुम्ही गिरणीत गेला होतात ना?"

"लाईट गेली. हे काय चाललंय?"

"काही नाही. भरत होतो." त्याचे कान लाल झाले. "लाडू संपले, मामी. कालपासून दोनदा संपले. चिवडाही. पन्हं-आंबे इथूनच नेऊन भरले, कोयी मागं उकिरड्यावर टाकल्या."

"मग डबा भरल्याला कसा?"

"सवय. बोटीवर पाहुण्याच्या ताटलीत एवढीशी जरी जागा दिसली तरी आमच्या नावानं तक्रार होते. अर्धा डबा दिसला की हात आपोआप चालतो. तुम्ही मागं गेलात की मी इथं यायचो."

"म्हंजी तुमी खात हुता?"

"मामी, तसल्या खोल्या मी रोज भरतो. पण तिथल्या पलंगावर कधी टेकलेलोही नाही. पाहुणा म्हणून अशा खोलीत पहिल्यांदाच झोपलो. मला वाटलं, सासरच्या खोलीत पहिल्याच दिवशी सगळं फस्त केलं, तर तुम्ही काय म्हणाल."

छबूबाई मटकन पाटावर बसल्या आणि हसू लागल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना. "अवो जावईबापू, रिकामा डबा दिसल्याबिगर आमाला कळावं कसं की जावयाला आवडलं? मी कालपास्नं तोंड पाडून फिरतेय. आन त्यांना चोर केलं ते येगळंच!"

'ते' नेमके तेव्हाच आंब्यांची पाटी घेऊन भारतीबरोबर दारात आले. सगळं ऐकल्यावर उत्तमरावांनी पाटी सावकाश खाली ठेवली.

"आता माजी भरपाई," ते म्हणाले.

"डाक्टरनं—"

"डाक्टरला मधी आनू नकोस."

बाईंनी अर्धा लाडू मोडून त्यांच्या हातावर ठेवला. उरलेला अर्धा जावयापुढे धरला. तो त्यानं तिथेच, सगळ्यांदेखत खाल्ला आणि बोटं चाटली.

"गाडीची वेळ होत आली," भारती नवऱ्याला म्हणाली. "बॅग भरू का?"

"मामींनी काम लावलंय. डबा रिकामा करायचाय."

"छोटा की मोठा?"

"मोठा," पंकज म्हणाला.

भारतीनं आईकडे बघितलं. मग चपला पायात सरकवून, "केडगावला फोन करून येते. चार दिवस म्हणून सांगते," असं म्हणत ती बाजारातल्या फोनच्या दुकानाकडे जवळजवळ पळतच निघाली.

दुपारी जेवणं झाल्यावर खोलीच्या उंबऱ्याबाहेर लाडवांचा डबा पालथा घातलेला दिसला, आणि त्यावर टॉवेलाला पिळे देऊन बनवलेलं एक डौलदार बदक बसवलेलं होतं. उत्तमरावांनी ते चारी बाजूंनी निरखलं. छबूबाईंनी बदक अलगद उचलून देवळीत ठेवलं, डबा सुलटा केला आणि मोठ्या डब्यातले लाडू त्यात भरायला बसल्या. अंगणात, सगळ्यांच्या समोर, झाकणं वाजवत.